माळकऱ्यांचे मासे

आमच्या बीड जिल्ह्यात तळं आहे असं मी बाहेरगावी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाचा वास घेतो. चूक त्याची नाही. ज्या मुलखात भर पावसाळ्यात कावळे घरून पाणी पिऊन बाहेर पडतात, तिथं तळं कुठून येणार? पण आहे. आष्टीहून निघालं की आधी माळ, माळावर बाभळी, मग घाट. घाट चढला की एक खिंड लागते, आणि खिंडीपलीकडं तीन बाजूंनी बालाघाटाचे बोडके डोंगर आणि चौथ्या बाजूला माणसांनी घातलेली मातीची पाळ. मधे पाणी. तहसील कचेरीच्या भिंतीवरचा नकाशा मी डोळे फाडून बघितलाय. तळ्याच्या जागी तिथं माशीनं केलेला एक ठिपका आहे. तेच ते तळं, असं मी धरून चालतो.

शांतता म्हणाल तर अशी, की पलीकडच्या काठाला पाणकोंबडीनं पाय उचलला तर अलीकडं ऐकू यावं. ह्या शांततेचं वाटोळं करायला वर्षातून एकदा मी जायचो. माझा धंदा भोंग्याचा. दोन कर्णे, दोन माईक, एक अँप्लिफायर आणि दम्याचा विकार असलेलं एक जनरेटर. भोंग्याची ताकद काय सांगू? एकदा घाटावरच्या लग्नात मंगलाष्टका लावल्या, तर घाटाखालच्या गावात एका जुन्या जोडप्याचं पुन्हा लग्न लागलं. ती दोघं मला अजून शिव्या देतात.

तळ्याकाठच्या गावात माझी थोरली बहीण दिलेली. तिला मी अक्का म्हणतो. श्रावणाच्या शेवटाला पाळीवरच्या महादेवापाशी सप्ता बसायचा. सात दिवस भजन, पारायण, कीर्तन, आणि आठव्या दिवशी काला आणि गावजेवण. त्याला भोंगा माझा. बहिणीचं गाव, म्हणून फुकट. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, मला बघितलं की म्हणायचे, "आले मेव्हणं. आता आठ दिस घरात खुणंनी बोलायचं."

गाव सगळं माळकरी. अंडं फुटलं तरी उपवास धरणारी माणसं. आणि ह्या गावानं मासेमारीची सहकारी संस्था काढलेली होती.

काढली चेअरमननी. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा दूध संस्थेचे चेअरमन होते, सोसायटीचे होते, आणि एका सूतगिरणीचे नियोजित चेअरमन होते, जिची पाटी लागली होती आणि पाटीमागं घरटं करून चिमण्यांनी कारभार हातात घेतला होता. तारेवर चार कावळे ओळीनं बसलेले दिसले तर कोरम भरला म्हणून आबा सभा चालू करतील असा माणूस. पण वाईट नव्हता. जुन्या मोठ्या दुष्काळात ह्याच पाळीवर त्यांनी स्वतः माती वाहिली होती. "दुष्काळानं तळं दिलं, आता तळ्यानं आपल्याला द्यावं," असं ते म्हणायचे, आणि खरंच तसं वाटायचं त्यांना.

संस्थेची पहिली सभा विठ्ठलनामाचा गजर करून चालू झाली. संचालकांत एकानंही मासा खाल्लेला नव्हता, निम्म्यांनी बघितलेला नव्हता. तळ्यात माशांचं बीज सोडायचं ठरल्यावर एक म्हातारा संचालक उठून म्हणाला, "आबा, थंडीत ह्यांच्यावर कायी झाकावं लागतं का?"

दुसऱ्यानं माळेला हात लावला. "पर आबा, पाप न्हाई का?"

"खायाचं कुटं हाय?" आबा म्हणाले. "इकायचं हाय. ऊस आपुण खातो का? इकतोच की."

ऊस त्या गावात कुणाच्याच रानात नव्हता. ऊस ते दुसऱ्याचा तोडायला जायचे. पण उदाहरण पटलं.

आता कोयत्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन ठेपतं. आमच्याकडं कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. दिवाळीच्या पुढंमागं मुकादम जोड्या गोळा करतो आणि पश्चिमेकडच्या कारखान्यांवर नेतो. नवरा ऊस तोडतो, बायको त्याच्या मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्याला कुणी विचारत नाही. अक्का आणि दाजी लग्न झाल्यापासून दर वर्षी जायचे. दोनदा अक्काला दिवस गेले, आणि दोन्ही वेळा फळी चढताना, डोक्यावर मोळी असताना, सगळं संपलं. दुसऱ्या वेळी तिनं ती मोळी वर टाकली आणि मग खाली बसली, असं दाजी सांगायचे. सांगताना ते कुणाकडं बघायचे नाहीत.

त्या वर्षी ज्येष्ठात अक्काला पुन्हा दिवस गेले. म्हणून दाजींनी संस्थेत माशांची राखण धरली. बगळे हाकायचे, चोरजाळी बघायची, आणि मासे निघाले की मालातला राखणदाराचा वाटा घ्यायचा. तेवढ्या वाट्यावर घर वर्षभर निघणार होतं. पुढच्या हंगामाच्या जोड्या ठरवायला मुकादम आषाढातच येऊन गेला, तेव्हा दाजींनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "औंदा आमचा कोयता न्हाई. औंदा आमी मासंवाले."

अक्का आतून हसली. तिचं ते हसणं मी ऐकलंय. यंदा तिला मोळी उचलायची नव्हती, एवढं एकच तिला हवं होतं.

बीज आदल्या दिवाळीला सोडलेलं. कटला, रोहू, मृगळ. उन्हाळ्यात ते काढायच्या लायकीचे नव्हते, म्हणून पावसाळाभर वाढवू आणि पोळ्याच्या सुमाराला काढू असं ठरलं. मासे वाढले. पावसाळा आलाच नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या, आणि पुढची नक्षत्रं तर आमच्या जिल्ह्याला वळसा घालून गेली. आषाढात एक ढग आला होता. त्याला बघायला आमच्या गल्लीतली माणसं अंगणात आली, तर तो लाजून निघून गेला. लग्नं थांबली, माझा भोंगा उंदरांनी राहायला घेतला. जनावरं आष्टीकडं चारा-छावणीला गेली. बैल, गाई, वासरं, सगळं. गावात शेण दिसेना. अक्काला घर सारवायला शेण नाही म्हणून मी जाताना आष्टीहून पाटीभर शेण घेऊन गेलो. बहिणीला माहेरहून शेण नेणारा भाऊ जगात मी एकटाच असेन.

सप्त्याच्या आदल्या दिवशी पोचलो तर तळं ओळखू येईना. पाळीपासून लांब लांब भेगाळलेला गाळ, आणि मधे एक डबकं. मोठं डबकं, पण डबकंच. त्याच्याच कडेला गावाची प्यायच्या पाण्याची विहीर. काठावर दाजी, आबा आणि नगरकडचा मासळीचा व्यापारी, ज्याला सगळे चाचा म्हणत, असे तिघं उभे होते.

"आबा, माल आजच काढा," चाचा म्हणत होता. "पानी गुडघ्याला आलंय. इतके मासे इतक्या पान्यात. मैं टेम्पो बोलवतो."

"उद्या सप्ता बसतोय," आबा म्हणाले.

"म्हणून तर आज."

"आज मानसं वीणेकरी आणाय गेलीती. जाळं कोण वढील? अन् सप्त्याच्या तोंडावर गावात रगत सांडायचं?"

"माशाला रगत असतंय किती, आबा?"

"थेंबभर का आसंना."

दाजी एरवी आबांसमोर तोंड उघडत नसत. त्या दिवशी म्हणाले, "आबा, मरतील हो."

"आरं, देवाच्या दारात कोन मरतंय? सात दिस जाऊ दे. काल्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी चाचा बरफ घिऊन येईल, आपुण जाळं टाकू. काय चाचा?"

चाचानं मान हलवली. ती हो होती का नाही, हे मला कळलं नाही. घरी आल्यावर दाजींनी अक्काला सांगितलं. तिनं पोटावरचा पदर सारखा केला. "जाऊ द्या की सात दिस. देवाचं हाय. आपल्याला बी देवाकडूनच घ्यायचंय," ती म्हणाली. 

सप्ता बसला. आभाळ गच्च भरलं, पण थेंब नाही. वारा नाही. उबाऱ्यानं जीव नकोसा झाला. काकड्याला लोक पाळीवर जमले, मी भोंगा चालू केला, आणि उजाडलं तसं कुणीतरी ओरडलं. पाण्यावर तोंडं दिसत होती. शेकडो तोंडं. मासे वर येऊन, पाण्याच्या कातडीला ओठ लावून, उघडझाप करत होते. टाळ वाजतोय आणि तोंडं उघडतायत. टाळ वाजतोय आणि तोंडं मिटतायत.

"माय माय माय," एक म्हातारी हात जोडून खाली बसली. "भजन म्हनत्यात गं."

गाव काठावर लोटलं. ऊन वर आलं तसे मासे खाली गेले. दुसऱ्या दिवशी काकड्याला पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कीर्तनकारानं ते कीर्तनात घेतलं. मुका जीव नामाला येतो आणि तुम्ही येत नाही, असं म्हणून बायाबापड्यांना रडवलं. बातमी घाट उतरून गेली. नांदूरघाटाहून जीप भरून लोक आले, नारायणगडाला निघालेले काही वाट वाकडी करून आले. मीही गप्प बसणारा नव्हे. जो विचारायचा त्याला मी सांगायचो, की भोंगा दुसऱ्या कुणाचा असता तर मासे आले नसते, माझ्या कर्ण्यात पंढरीची माती बसवलेली आहे. आबा काठावर खुर्ची टाकून बसायचे. संस्थेचे सभासद भजनाला लागले म्हणून त्यांचा ऊर भरून आला होता.

एकटे दाजी खूश नव्हते. काठाला उकिडवे बसून ते त्या तोंडांकडं बघत राहायचे.

"काय झालं, दाजी?"

"हे असं करत नव्हते आदी."

"आदी भजन कुटं होतं?"

"आषाढी एकादशीला बी हितंच भजन झालं की," दाजी म्हणाले. मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही.

आलेला माणूस रिकाम्या हातानं कसा परत जाणार? कुणी लाह्या टाकायचा, कुणी मुरमुरे, कुणी फुटाणे. नामाला आलेल्या जिवाला घास घातला की पुण्य. काठावरच्या पाण्यावर लाह्यांची साय धरली.

काल्याच्या दिवसासाठी आबांनी दर वर्षीच्या दुप्पट शिजवायला लावलं. "दुष्काळ हाय म्हनून देवाला अर्ध्या पोटी ठिवायचं का? औंदा तर मासं बी आल्यात." टँकर पाण्यासाठी, रेशनचा तांदूळ वर्गणीतून, बुंदी आबांकडून. कढया अशा, की एकीत माझं जनरेटर सहज पोहलं असतं. आणि नेमकी त्याच दिवशी छावणीत जनावरांची मोजदाद निघाली. ज्याचं जनावर त्यानं दावं धरून उभं राहायचं, नाहीतर चारा बंद. गावातले गडी, दाजीसुद्धा, पहाटेच छावणीकडं पळाले. आजूबाजूच्या गावांतले पण. काल्याची दहीहंडी फुटली, पंगत बसली, आणि ती बायका, म्हातारे आणि पोरं एवढ्यांतच संपली. भाताचे डोंगर तसेच. बुंदीची पातेली तशीच. आमटी.

काल्याचं अन्न घरी न्यायचं नसतं, दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नसतं, आणि टाकायचं तर नसतंच. एरवी उरलंसुरलं जनावरांना जायचं. जनावरं छावणीत. मग राहिलं कोण? जे भजनाला आले होते ते.

सगळ्यांनी मिळून नेलं. पाट्यांनी, बादल्यांनी, डोक्यावर. कुणी एकानं ठरवलं असं नाही. आबांनी पहिली मूठ टाकली आणि बाकीच्यांनी पाट्या पालथ्या केल्या. अक्का पण आली. तिनं आपल्या ताटातला भात पदरात घेतला होता. गुडघाभर पाण्यात जाऊन तिनं मूठ मूठ करून तो पाण्यात सोडला आणि पुटपुटली. काय पुटपुटली ते विचारायची गरज नव्हती. पाणी शिवलेला हात तिनं पोटाला लावला. मला ते बघून बरं वाटलं. मी तिकडून माईकवरून जाहिरातसुद्धा केली, की माशांचं गावजेवण चालू आहे.

सकाळी चाचाचा टेम्पो बर्फ भरून आला तेव्हा आम्ही सगळे पाळीवर उभे होतो आणि कुणी खाली उतरत नव्हतं. डबकं पांढरं झालं होतं. मला आधी वाटलं भातच वर आलाय. भात नव्हता. पोटं होती. कटला, रोहू, मृगळ, सगळे उताणे, काठापासून काठापर्यंत, इतके दाट की बगळा त्यांच्यावरून चालत गेला असता. बगळे होते पण. ते चालत नव्हते, खातही नव्हते, नुसते उभे होते.

चाचा एकटा खाली गेला. गाळात पाय रोवून त्यानं पाण्यात हात घातला आणि बाहेर काढून हुंगला. बोटांना चिकट भात लागला होता.

"खाना डाला क्या इसमें?"

चाचानं तो भात बोटांत चोळला.

"सडलं. सगळी हवा खाऊन टाकली त्यानं. मासा वर येऊन तोंड उघडत होता का चार दिस?"

"भजनाला येत होते," आबा म्हणाले.

चाचानं त्यांच्याकडं बघितलं. त्याला राग आला असणार. भाड्याचा टेम्पो, बर्फ, सगळं वाया. पण तो फक्त म्हणाला, "दम कोंडला होता, आबा, त्यांचा."

अक्का माझ्या शेजारी उभी होती. तिनं ऐकलं. तिनं हात पदराखाली घेतला, एवढंच मी बघितलं.

पुढचं कुणाला सांगितलं तर मी वाढवून सांगतो असं म्हणतात, म्हणून जेवढं झालं तेवढंच लिहितो. विहीर त्याच पाण्याला लागून, तिला वास मारायला लागला. घरात पाणी नाही. कुणीतरी बाई चाचाला म्हणाली, "बाबा, त्यो बरफ तू काय करनार आता?" चाचानं टेम्पोचं फाळकं पाडलं. बाया हंडे, कळश्या, पाट्या घेऊन आल्या. माशांसाठी आणलेला बर्फ माळकऱ्यांनी घरी नेला आणि उन्हात ठेवून प्याला. त्याला मासळीचा वास होता. नाकाला पदर लावून प्यायले. आबांच्या घरी पण हंडा गेला. चाचा रिकामा टेम्पो घेऊन घाट उतरला आणि त्याच्या मागं रस्त्यावर पाण्याची रेघ पडत गेली, आणि कुत्री ती रेघ चाटत गेली.

दुपारी आबांनी सभा घेतली. "काल्याच्या दिशी देह ठिवला त्यांनी. सोनं झालं," असं म्हणाले. म्हणताना आवाज फुटला, कारण माशांच्या मरणाचं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मग ठरलं की पुरायचे. आयुष्यात माशाला बोट न लावलेली माणसं तोंडाला उपरणी बांधून पाट्या भरत होती. दाजी सगळ्यांत पुढं. राखणदार होते ना. त्यांनी राखलेला माल त्यांनीच खड्ड्यात लोटला. एक रोहू अजून कल्ले हलवत होता. दाजींनी तो हातात धरला, इकडंतिकडं बघितलं, आणि सोडायला पाणीच नव्हतं.

मुकादम फटफटीवरून आला तेव्हा वास गेला नव्हता. "घाटाखालीच वास लागला. म्हनलं, जावं दाजींकडं," तो म्हणाला. तो पण त्यांना दाजीच म्हणायचा.

"येतो," दाजी म्हणाले. "पर एकटा येतो."

"एकट्याला काय करू, दाजी? अर्ध्या कोयत्यानं ऊस अर्धाच तुटतो का? मोळ्या कोन बांधील? ट्रक कोन भरील?"

"मी," मी म्हणालो.

मुकादमानं मला खालून वर बघितलं. "भोंगेवाले, तुमी? मोळी बांधता येती का?"

"मोळी? मी हत्ती बांधलाय," मी म्हणालो. "सर्कशीतला. आष्टीच्या बाजारात सुटला होता, उसाच्या वाढ्यानं, नुसत्या शेंड्याच्या पानांनी, बांधून ठेवला."

"हत्ती हलत नसंल मग," मुकादम म्हणाला. "मोळी डोक्यावर हलती." पण जोड्या कमी पडत होत्या. त्यानं मला घेतलं. आत अक्का भाकरी थापत होती, थापायची थांबली आणि पुन्हा थापायला लागली. मी घरी निघालो तेव्हा ती मला म्हणाली, "भाऊ, पाठ सांभाळ." आणि वर म्हणाली, "वाढं भिजवून घे आदी. कोरडं तुटतं."

पश्चिमेकडं सहकार म्हणजे धुराडं. आमच्याकडं सहकार म्हणजे पाटी. धुराड्याखाली उसाचा समुद्र, पाटात पाणी, रस्त्याच्या कडेला पाणी, उसाच्या सरीत पाणी. पहिल्या दिवशी दाजी पाटाच्या कडेला ओंजळ भरून कितीतरी वेळ पीत बसले. माझ्या मोळ्यांचं काय सांगू? बांधली की चालता चालता ती बाळंत व्हायची. ट्रकच्या फळीवर माझ्या मागं येणारीच्या अंगावर माझा ऊस. टोळीतल्या बाया म्हणायच्या, "भोंग्यावर गाणं लावा, भावजी, मोळी आमी बांधतो." आणि बांधून द्यायच्या. मी गात असे. पाठ मोडली होती, तरी गात असे. घरी अक्का बसलेली आहे, पाय पसरून, एवढं डोळ्यांसमोर आणलं की पुढची मोळी उचलता यायची.

थंडी पडायला लागली होती. उसाच्या फडाच्या कडेला मुकादमाचा दुसरा ट्रॅक्टर थांबला आणि त्यातून अक्का उतरली. हातात गाठोडं. पोट पुढं आलेलं.

दाजी कोयता खाली टाकून धावले. "कावून आलीस? कोनी बोलावलं तुला?"

अक्कानं गाठोडं बांधावर ठेवलं. ती आधी पाटाकडं गेली, प्याली, तोंड धुतलं, मान ओली केली. मग उसाच्या बांधावर बसली.

"विहिरीचं पानी कोन बी पित न्हाई," ती म्हणाली. "टँकर येतो. आला की पळावं लागतं हंडा घिऊन. बाया ढकलत्यात. मी दोनदा पडले. पळून पळून पोटात दुखतंय. हितं निदान पळायचं तरी न्हाई."

"आगं, पर मोळ्या..."

"मोळी उभ्यानं बांधता येती."

दाजींनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, ट्रॅक्टरकडं बघितलं. ट्रॅक्टर निघून गेला होता. मी रात्रंदिवस बडबड करणारा माणूस, पण तिला परत जा असं म्हणायला मला कुठलं गाव सुचेना. आमच्या घरी पण टँकरच होता.

ती मोळ्या बांधायची. ट्रक भरायचं काम आम्ही तिला करू दिलं नाही. एकदोनदा तिनं केलं. फळीवर नाही, खाली सरीतून गाडीपर्यंत. तिला अडवायला आम्ही दोघं तेव्हा जवळ नव्हतो. माघात, दिवस भरायच्या आधी, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत मुलगी झाली. टोळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी केलं सगळं. मुलगी रडली. आवाज इतका बारीक, की शेजारच्या कोपीत कळलं नाही. दुपारपर्यंत होती. दाजींनी पाटाच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी लागणार नाही असं बघून, खड्डा घेतला. मुकादमानं एक दिवसाची सूट दिली. चांगला माणूस होता, दुसरा देत नाही.

अक्का त्या दिवशी कोपीत पडून होती. मी शेजारी बसलो होतो. ती छताकडं बघून म्हणाली, "तोंड उगडत होती रे. वर तोंड करून." मी हात धरला. ती आणखी काय म्हणाली ते मी लिहीत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. झाला म्हणजे असा, की पाळीच्या सांडव्यानं पाणी गेलं, आणि महादेवाच्या पायरीला तळं टेकलं. मी गेलो तेव्हा वाटलं, हे ते तळं नव्हेच. डोंगर हिरवे, पाण्यात डोंगर, आणि पाणकोंबडीचा पाय पुन्हा ऐकू यायला लागला होता. आबांनी पाळीवरच सभा बोलावली. नवीन बीज, नवीन राखण. दाजींचं नाव त्यांनी स्वतःहून घेतलं. भरपाई केल्यासारखं.

बाया लांब, वडाच्या सावलीत बसलेल्या. तिथून अक्का उठून पुढं आली. सभासद नव्हती, तरी कोणी अडवलं नाही.

"आबा, बीज सोडा," ती म्हणाली. "पर पान्यात अन्न टाकू देऊ नका. सप्त्याचं बी न्हाई."

सचिवानं लिहायचं थांबवलं. मग आबा मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, मागं इपरीत झालं. पानी कमी होतं तवा. आता ह्या एवढ्या पान्यात काय हुतंय? मुक्या जिवाला घास घातला की पुण्य लागतं माय."

"लागलं की आबा आमाला," अक्का म्हणाली.

आबांनी माळेचे मणी बोटांनी सरकवले. कुणीतरी खोकलं. मग सचिवानं पुढचा विषय वाचला, जाळ्यांच्या खरेदीचा, आणि सगळ्यांना बरं वाटलं. अक्का सावलीत जाऊन बसली.

राखण दाजींनी घेतली नाही. संध्याकाळी घरी आबा स्वतः येऊन गेले, गूळपाणी घेतलं, पुन्हा विचारलं. राखण करायची तर तळ्याकाठी बसावं लागतं, आणि अक्का म्हणाली, मला तिथं बसवत नाही. त्या वर्षी मासे चांगले निघाले, एकेक हाताएवढा. चाचाचा टेम्पो तीन वेळा भरून गेला असं मला लोकांनी सांगितलं. नव्या राखणदाराला त्याचा वाटा मिळाला, त्यानं घरावर पत्रे घातले. अक्का आणि दाजी तेव्हा फडावर होते.